गाडीचा कासरा

मूग निघाले की ताडकळसच्या आठवडी बाजाराचा रंग बदलतो. एरवी जिथं मिरच्या-कांद्यांचे ढीग असतात तिथं गोंडे, घागरमाळा, रंगीत दोर आणि हिंगुळाच्या पुड्या येऊन बसतात. पोळा जवळ आलेला असतो. मी परभणीहून एसटीनं उतरतो, बाजाराच्या टोकाला दोरवाल्याच्या पथारीपुढं उकिडवा बसतो आणि कासरा मागतो.

"बैल किती हायेत सर?" दोरवाला विचारतो.

"एकबी न्हाई."

तो वर बघतो. शिकलेला माणूस आपली थट्टा करायलाय, असं त्याला वाटत असणार. मग तो हसतो आणि दोर सोडायला घेतो. ताज्या अंबाडीचा तो कडवट, ओलसर वास नाकात गेला की मला अंबाडी आठवत नाही. ग्रीस आठवतं. जळकं ऑइल, गरम झालेलं रबर आणि ओल्या काळ्या मातीचा वास. ज्या वर्षी वडिलांनी, आमच्या आबांनी, जीप उंच करून घेतली, त्या वर्षीचा श्रावण आठवतो.

आमचं गाव ताडकळसपासून फार लांब नाही, पण पावसाळ्यात ते लांब जातं. डांबरी रस्ता सोडला की काळ्या मातीची वाट, मधे एक ओढा आणि ओढ्यानंतर पुन्हा तीच वाट. उन्हाळ्यात हीच माती इतकी भेगाळते की भेगेत पाय जाईल. पाऊस लागला की ती चपलेला धरते, मग पायाला आणि मग माणसालाच धरून ठेवते. सायकल तर खांद्यावरच घ्यावी लागते. या वाटेवर आबांची जीप चालायची. बाजारची माणसं, दवाखान्याची माणसं, माहेरी निघालेल्या लेकी, दुधाचे कॅन, एकदा तर नवरदेवसुद्धा, सगळं त्या जीपमधून डांबरापर्यंत गेलं.

मीही गेलो. दहावीच्या परीक्षेला गेलो, पुढं परभणीला कॉलेजात नाव घालायला गेलो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पदवीचा निकाल लागला तेव्हा आबांनी पेढे वाटले नाहीत. त्यांनी जीप धुतली. चाकांतली माती काडीनं कोरून काढली आणि मला शेजारी बसवून गावातून एक चक्कर मारली. कुणी काही विचारलं की नुसते माझ्याकडे बोट दाखवायचे. माझ्या शिक्षणाविषयी कुणी काही चांगलं बोललं की मला आजही ती धुतलेली जीप दिसते.

परभणीला पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी तिथं राहू लागलो. दर रविवारी गावी यायचो. दर पावसाळ्यात एक गोष्ट ठरलेली असायची. ओढ्याच्या अलीकडं जीप पोटावर बसायची. चाकं फिरत राहायची, गाडी हलायची नाही. माणसं उतरून ढकलायची, चिखलानं माखायची आणि शिव्या मातीला द्यायची. शेवटी आबांनी ठरवलं, गाडीचं पोटच वर न्यायचं. पुढच्या-मागच्या पाट्यांमध्ये, म्हणजे गाडी ज्यांच्यावर तोलते त्या स्प्रिंगांमध्ये, जास्तीचे पाटे घातले, पाट्यांना धरणाऱ्या कड्या लांब केल्या, खोल नक्षीचे रुंद टायर चढवले. पूर्णा गावच्या एका वर्कशॉपातून जीप परत आली तेव्हा गावातली पोरं तिच्याभोवती नाचली. माझी माय पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता गं बया! चढायला शिडी लावायची का?"

पहिल्या पावसात जीप ओढ्यातून अशी निघाली की जणू चिखल तिथं नव्हताच. आबांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. "गाऱ्यात वाघ हाय बघ," ते म्हणाले.

पण वाघ डांबरावर आला की थरथरायला लागायचा. वाटेवर, चिखलात, हळू चालताना काही नाही. डांबरावर जरा वेग धरला, एखादा खड्डा लागला, की पुढची चाकं डावी-उजवी फडफडायला लागायची. स्टेअरिंग हातात राहायचं नाही. दारं, टप, आरसा, मागच्या बाकावरच्या बायकांच्या बांगड्या, सगळं एकदम वाजायला लागायचं. ब्रेक दाबून गाडी जवळजवळ थांबवावी तेव्हा ते शांत व्हायचं. आणि शांत असतानाही ती सरळ चालायची नाही. दारू प्यायलेल्या माणसासारखी कधी या कडेला, कधी त्या कडेला जायची.

आमचे तात्या, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, पारावर बसून म्हणायचे, "दादा, तुझ्या गाडीत बसलं की कुळदैवत आठवतंय. देवळात जायची गरजच न्हाई ऱ्हायली."

सगळे हसायचे. आबाही हसायचे. पण हळूहळू लेकुरवाळ्या बाया बसेनाशा झाल्या. दुधाचे कॅन दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेले. शाळेतल्या पोरींचे बाप म्हणाले, चालत जाऊ द्या, पाय मोडले तर जोडता येतात. मला कळून चुकलं की ही थरथर गेली नाही तर आबांना त्या सीटवरून उतरावं लागणार. आणि आबांना त्या सीटवरून उतरलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. शेत थोडं, बैल कधीच गेलेले. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारायचं नाही, 'गाडीवाले आबा' हेच त्यांचं नाव होतं.

मग सुरू झाले ते रविवार. पूर्णेला, रेल्वेच्या रुळांपासून थोड्या अंतरावर हनीफभाईंचं गॅरेज होतं. वर पत्रे, पावसाचा ताशा, दुरून मालगाडीच्या डब्यांचे धक्के आणि खाली जीपच्या पोटाखाली पोत्यावर झोपलेले मी आणि हनीफभाई.

"काका, जीप को ऊंट बना दिये तुम," हनीफभाई पहिल्याच दिवशी म्हणाले. "आता ऊंट घोड्यासारखा चालतोय का?"

"ऊंट चालतो तरी सरळ," आबा म्हणाले. "ह्ये त्येबी करंना."

चाकांचं बॅलन्सिंग केलं. फडफड थोडी कमी झाली, गेली नाही. अलाइनमेंट करून आणली. पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे बदलले. चाकांच्या बेअरिंगा घट्ट केल्या. प्रत्येक वेळी वाटायचं, आता झालं. प्रत्येक वेळी पूर्णा सोडून थोडं पुढं आलं की पहिल्या खड्ड्याला आरसा खुळखुळायचा. पावसानं धुतलेली सोयाबीन दोन्ही बाजूंनी हिरवीगार उभी असायची आणि आम्ही बापलेक पुढं बघत बसायचो. मोटारीसारखी मोटार, माणसानं बनवलेली, चार सांधे आणि दोन दांडे. ती आपल्याला का कळत नाही? मुलांना मी फळ्यावर बलांच्या आकृत्या काढून दाखवतो. त्या आकृत्यांमध्ये बाण नेहमी सरळ असतात.

एक तपासणी मला अजून जशीच्या तशी आठवते. गाडी उभी, इंजीन बंद. एकानं वर बसून स्टेअरिंग किंचित हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून बघायचं, कोणता सांधा लगेच हलतो आणि कोणता उशिरा. जो उशिरा हलतो तो ढिला. आबा वर बसले, आम्ही दोघं खाली. हनीफभाईंनी टॉर्च धरला होता.

"बास काका, थांबा. आता हलवू नका."

"मी कुठं हलवायलोय?" वरून आबांचा आवाज आला.

पण दांडा बारीक बारीक हलत होता. मी आणि हनीफभाईंनी एकमेकांकडं बघितलं. वर स्टेअरिंगच्या मुळाशी असलेल्या पेटीतच ढिलेपणा आहे, असं आम्ही ठरवलं आणि पुढच्या रविवारी ती पेटी उघडली; आत सगळं घट्ट होतं.

आता मागं बघितलं की त्या पावसाळ्यातल्या कितीतरी गोष्टी ओळीनं येऊन उभ्या राहतात. तेव्हा त्या सुट्या सुट्या होत्या. गॅरेजात चहा आला की आबा म्हणायचे, "नको, पित्त व्हायलंय." बशीत ओतून फुर्रकन चहा प्यायची त्यांची जन्माची सवय. त्या दिवसांत त्यांनी बशी हातात धरलेली मला आठवत नाही. ते सदऱ्याची वरची गुंडी लावायचे नाहीत. उकाडा म्हणायचे. प्रवाशांचे सुटे पैसे हातावर घ्यायचे नाहीत, "ठेवा तिथं" म्हणून समोरच्या फळीकडं मान करायचे. आणि मी गॅरेजला जायचं म्हटलं की दरवेळी म्हणायचे, "राहू दे की रे. चालायलीय न्हवं? एवढं काय बिघडलंय?" मला वाटायचं, म्हातारपणी माणूस कंटाळतो.

शेवटी उपाय सापडला तो सायकलवरून. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, किंचित कललेला असतो, म्हणून तर हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सललाही तसाच कल असतो. पाट्यांच्या कड्या लांब केल्यावर गाडी उंच झाली खरी, पण अ‍ॅक्सल थोडा फिरला आणि तो कल गेला. हे मी हनीफभाईंना पाण्याच्या बाटलीवर आणि पान्यावर करून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मतलब पाचर मारायची." पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर. नांगराला, बखराला लाकडाची मारतात तशीच. पाचरा त्यांनी घासून तयार केल्या, कोन मी मोजला. स्टेअरिंगच्या पेटीपासून चाकाकडं येणारा दांडाही उंचीमुळं तिरका झाला होता, तोही त्यांनी खाली उतरवून सरळ केला.

त्या दिवशी पूर्णेहून निघताना गाडी मी चालवली. खड्डा आला, गेला. वेग वाढवला. आरसा गप्प. मी क्षणभर स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले. जीप सरळ जात राहिली, शहाण्या लेकरासारखी. मला रडू येईल की काय असं वाटलं. माझ्या शिक्षणाचा आबांना एवढा थेट उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला होता. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "आबा, बसा. आता एका बोटावर चालतीय."

ते लगेच उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "तूच ने की घरापर्यंत."

"असं कसं? तुमची गाडी हाय."

ते येऊन बसले. गिअर टाकला. जीप निघाली आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं.

एवढं करून परत तेच. मी सवयीनं बाजूनं बाहेर वाकलो आणि पुढच्या चाकाकडं बघितलं. चाक थरथरत नव्हतं. ते डांबरावरून शांत, सरळ पळत होतं. मी आत बघितलं. स्टेअरिंग हलत होतं. पुन्हा बाहेर बघितलं. इतके रविवार आम्ही खालून वर येणारी थरथर शोधत होतो. ही वरून खाली जात होती आणि चाकापर्यंत पोचायच्या आधीच कुठंतरी विरत होती. आबांनी स्टेअरिंग घट्ट, फार घट्ट धरलं होतं. त्यांच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. उजवा हात थांबत नव्हता.

थोडं पुढं आल्यावर ते म्हणाले, "आणखी जरासं राहिलंय बघ. हनीफला म्हणावं."

मी म्हणालो, "हो आबा. सांगतो."



संध्याकाळी मी मायला न्हाणीघराच्या मागं गाठलं. ती भांडी घासत होती. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"लय दिस झाले. जेवताना पाठ फिरवून बसायलेत." राखेनं तिनं तांब्या घासला, विसळला आणि पालथा घातला. "गाडी हलायली हुती तवर बरं हुतं रे बाबा. सगळ्याला वाटायचं गाडीच हलायलीय."

तिनं मला बोल लावला नव्हता. ती नुसतं जे होतं ते सांगत होती. पण त्या वाक्यापासून मला सुटका नाही. ज्या थरथरीमागं आबा लपले होते, ती मी पाचर मारून बंद केली होती. चुकीचं काहीच केलं नव्हतं, आणि तरीही आता ते उघड्यावर उभे होते.

परभणीच्या डॉक्टरांनी त्यांना हात समोर धरायला लावले, चालायला लावलं, एक रेघ काढायला सांगितली. मग मला बाजूला घेऊन चांगल्या शब्दांत सांगितलं, हा कंपवात आहे, औषधानं सावरेल, जाणार नाही. मी विचारत राहिलो. कशामुळं झालं? कुठून सुरू झालं? नेमका दोष कुठं आहे? ते दमून म्हणाले, "सर, प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतंच असं नाही." मला पत्र्यांवरचा पाऊस आठवला. तिथं निदान काहीतरी उघडून तरी बघता येत होतं.

त्यानंतरही आबा मला हनीफभाईंकडं घेऊन गेले. हनीफभाईंनी जीपखाली डोकं घातलं, उगाच दोन ठिकाणी पाना फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "काका, गाडी अब एकदम फस्क्लास आहे." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आबांनीही नाही. आबा म्हणाले, "हां. आता गाडीचा काय दोष न्हाई." आणि त्यांनी त्या दिवशी चहा मागवला. बशीत ओतला. अर्धा सांडला. उरलेला प्यायले. हनीफभाईंनी आपल्या बशीतला थोडा त्यांच्या बशीत ओतला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमची शेवटची बैलजोडी गेल्यापासून आबा जीपला खांदेमळणी करायचे. गावात सुरुवातीला लोक हसले होते. नंतर ट्रॅक्टरवाल्यांनीही सुरू केलं. त्या वर्षी आबा वाटी घेऊन खाली बसले, जीपच्या पोटाशी, जिथं आम्ही पाचर मारली होती तिथं. हळद-लोण्याची बोटं लोखंडाला लावली. हात थरथरत होता, त्यामुळं पिवळा पट्टा सरळ ओढला गेला नाही, नागमोडी झाला. या वेळी त्यांनी हात लपवला नाही. दोन्ही बाजूंना लावून झाल्यावर ते नेहमीसारखं हळूच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या तू बस गाडीवर."

"आणि तुमी?"

"मी म्होरं चालतो. बैल होते तवा चालतच हुतो की."

पोळ्याला गावची सगळी जनावरं वेशीत आंब्याच्या तोरणाखाली जमतात, मंगलाष्टका होतात आणि मग सगळे मारुतीला फेरी घालतात. बैलांमागं ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामधे आमची जीप. आबांनी जीपच्या पुढच्या हुकाला नवा कासरा बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक हातात धरलं होतं. बंपरला बैलांची जुनी घागरमाळ होती. स्टेअरिंगवर मी.

वेशीत तात्या उभे होते. सगळ्यांनी आबांचा हात बघितला, मला दिसलं. मग तात्या मोठ्यानं म्हणाले, "का रे दादा? गाडीला कासरा?"

"तर!" आबा म्हणाले. "उधळती लय. डांबर दिसलं की उधळती."

वेस हसली. तात्या सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत तोंड फिरवून उभे राहिले.

पोळा फुटला. आबा चालायला लागले, मी क्लच सोडला. बैल चालतो त्या वेगात जीप चालवणं सोपं नसतं. माझं सगळं लक्ष त्यांच्या टाचांवर होतं. कासरा आमच्या मधे झोळ धरून लोंबत होता आणि त्यांच्या मुठीतली थरथर दोरावरून हळूहळू येत बंपरवरच्या घागरमाळेपर्यंत पोचत होती. मारुतीच्या फेरीभर ती माळ बारीक वाजत राहिली. लोकांना वाटलं असेल, इंजिनामुळं वाजतेय. माझ्या हातातलं स्टेअरिंग अगदी स्थिर होतं. त्या वेळी मला त्याचा राग आला.

आता वाटेवर मुरूम पडला आहे. पावसातही बाकीच्या गाड्या येतात, त्यामुळं जीपला काम उरलेलं नाही. ती लिंबाखाली असते. पोळ्याला मी तिला सुरू करतो. आबांचे शब्द आता बारीक झाले आहेत, पावलंही. घरातल्या घरात ते भिंतीला हात लावून चालतात आणि दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. काळी माती धरून ठेवते तसे. मी शेजारी उभा असतो. ढकलता येत नाही. मायनं या वर्षी फोनवर सांगितलं, "दोन दिसांपासून इचारायलेत, कासरा आणला का म्हणून."

पाऊल जेवढं लहान होत जातं, तेवढं मागून येणाऱ्या गाडीला अंतर जास्त लागतं. एका जागी ते अचानक थांबले, तर मला ब्रेक लावायला वेळ मिळाला पाहिजे. म्हणून मी दरवर्षी कासरा थोडा लांब घेतो.

"किती देऊ?" दोरवाल्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो थांबला.

"एवढा लांब? नसलेला बैल मारका हाय का काय?"

"न्हाई," मी म्हणालो. "लय गरीब हाय."

त्यानं मान हलवली आणि दोन्ही हात पसरून दोर मोजायला सुरुवात केली. एका हातातून दुसऱ्या हातात, छातीवरून, सरसर. त्याचे हात अगदी स्थिर होते. त्याचं तिकडं लक्षही नव्हतं. त्यानं दोर कापून, गुंडाळी करून माझ्यापुढं धरला, तरी मी त्या हातांकडंच बघत बसलो होतो.